साक्ष: मराठी ख्रिस्ती लेखनातील आंतरिक परिवर्तन

प्रार्थनासभेत उभे राहून आपले आधीचे जिणे, मग प्रभूची भेट आणि त्यानंतर पालटलेले आयुष्य सांगणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणे' म्हणतात. दमास्कसच्या वाटेवर प्रेषित पौलाला झालेले ख्रिस्ताचे दर्शन हा या कथनाचा मूळ नमुना. त्यात बदलाला एक दिवस असतो, एक जागा असते. या बदलानंतर, म्हणजे नव्या जन्मानंतर, ज्याला पवित्रीकरण म्हणतात, तो वर्षानुवर्षे चालणारा भाग मात्र साक्षीत दोन वाक्यांत उरकतो. भाषाही थोडी आड येते. ग्रीक नव्या करारातील 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. मराठी बायबलात त्यासाठी रूढ झालेला 'पश्चात्ताप' हा शब्द घडून गेलेल्या चुकीच्या हळहळीकडे झुकतो.

छापील साक्षींत बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (1888) अग्रभागी येते. पदमनजींचा बाप्तिस्मा बेळगावात 1854 साली झाला. त्याआधी ते मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या वर्तुळात होते. पुस्तकाचे नाव नेमके आहे: अरुणोदय म्हणजे सूर्य अजून वर यायचा आहे. संशय, वाचन, वाद, घरच्यांची भीती असे एकेक पाऊल ते नोंदवतात. पण हा बदल मुख्यतः बुद्धीचा आहे. कोणते मत खोटे ठरले आणि का, हे वाचकाला कळते; तो माणूस रागाच्या वेळी कसा वागू लागला, हे फारसे कळत नाही.

हीच उणीव पंडिता रमाबाईंनी स्वतःत ओळखली, आणि इथे विषय खोल जातो. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 1907 च्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे सुमारे आठ वर्षे गेली. धर्मांतर आणि अंतःपरिवर्तन यांत एवढे अंतर मोकळेपणाने मान्य करणारी धर्मांतरित व्यक्ती विरळाच. मात्र ही साक्ष इंग्रजीत आहे, कारण रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचे बरेच हितचिंतक परदेशात होते. मराठीत त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. त्यामुळे केडगावात बसून लिहिलेले हे आत्मनिवेदन मराठीत आले ते अनुवादातून.

नारायण वामन टिळकांनी साचा वेगळ्या रीतीने मोडला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्यांचे अभंग हे निर्णयाचे इतिवृत्त नव्हे. त्यांत तळमळ, विरह, लाज आणि पुन्हा ओढ आहे, म्हणजे वारकरी भक्ताच्या मनाचे चढउतार आहेत. अभंगात तारीख नसते. आज पोहोचलेला भक्त उद्या पुन्हा वाट चुकतो, हे त्या छंदाला मंजूरच आहे. मराठी छंद ख्रिस्ती आशयाला नवे नव्हते. थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात 1616 सालीच छापले गेले होते. पण ते येशूची कथा सांगते, सांगणाऱ्याच्या मनाची नव्हे. टिळकांनी शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारू पाहिला, त्यालाही भक्ताच्या या अपूर्णतेच्या जाणिवेचाच आधार होता.

तरी या सगळ्यांत सर्वांत खरे लेखन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे. 1934 पासून भागाभागांनी निघालेली 'स्मृतिचित्रे' साक्ष म्हणून लिहिलेली नाहीत, हेच त्यांचे बळ. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाई खचल्या, चिडल्या, माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी नगरला त्याच्याकडे परतल्या, तेव्हाही सोवळे सोडले नव्हते. लहानपणी घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक पाहिलेली ही स्त्री पाणी कोणाच्या हातचे घ्यावे या प्रश्नापाशी अडते, आणि जात देवाने केली की माणसाने, हा विचार तिथे डोके वर काढतो. बाप्तिस्मा 1900 साली झाला. मन त्याआधीच हलले होते. वाचकाला परिवर्तन कुठल्या पानावर झाले हे दाखवता येत नाही. हसू आणणाऱ्या प्रसंगांतून ते सरकत जाते. फजिती लपवायची नाही, हा बाईंचा स्वभावच त्याला पुरावा देतो.

पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामुळे विषयाची दिशा बदलली. वसईच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या माणसाला धर्म बदलायचा नसतो. वारशाने मिळालेली श्रद्धा स्वतःची करायची असते. 'नाही मी एकला' या आत्मकथनात ती 'सुवार्ता' मासिकाच्या संपादनातून आणि हरित वसईच्या पर्यावरण-लढ्यातून घडत जाते. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा या लेखनाकडे मंडळीबाहेरच्या वाचकांचेही लक्ष गेले. दिब्रिटोंच्या गद्यात कार्यकर्ता अधिक बोलतो, प्रार्थना करणारा कमी, ही त्याची मर्यादा.

एक दालन मात्र जवळजवळ रिकामे आहे. नगर भागात एकोणिसाव्या शतकापासून महार-मांग कुटुंबे गटागटाने ख्रिस्ती झाली. वर आलेली पुस्तके लिहित्या-वाचत्या घरांतली आहेत आणि त्यांतला बदल एकट्या माणसाचा आहे. जिथे अख्खी वस्ती एका दिवशी बाप्तिस्मा घेते, तिथे आतला पालट कोणाचा, कधी आणि कोणत्या शब्दांत मोजायचा, याचे उत्तर देणारे आत्मकथन 'स्मृतिचित्रे'च्या उंचीचे झालेले नाही. ती सामग्री आहे ती भजनांत, कीर्तनांत आणि रविवारच्या उपासनेनंतर तोंडी दिल्या जाणाऱ्या साक्षींत.