आंबटपणाची किंमत

पांढऱ्या वाइनची वाखाणणी करताना जाणकार 'क्रिस्प' हा शब्द वापरतात, आणि मराठीत लिहू पाहणाऱ्याची लेखणी नेमकी तेथेच अडते. 'कुरकुरीत' म्हणावे तर ते पापडाला शोभते. 'आंबट' म्हणावे तर निंदा होते. आम्ही 'तरतरीत' हा शब्द पत्करतो. सोलकढीचा पेला रिता झाल्यावर गाल आतून किंचित आवळतात, तोंडाला पुन्हा पाणी सुटते आणि पुढच्या घासाची इच्छा होते; वाइनमधील अम्लाकडून अपेक्षा असते ती याच कामाची. ज्यांच्या घरी मद्य वर्ज्य आहे त्यांनाही ही कसोटी परकी वाटू नये. भिरंडाच्या सोलांचा रस नीट उतरला की नाही हे सांगणारी जीभ आमच्या घरोघरी आहेच.

असली वाइन स्वस्तात मिळावी काय? आमचे उत्तर आहे, अवश्य मिळावी. कारण महाग होण्याचे कारणच तिच्यापाशी नसते. वाइनचा खर्च वाढतो तो ओक लाकडाच्या नव्या पिंपांनी, तळघरात घालविलेल्या वर्षांनी आणि गावाच्या नावलौकिकाने. तरतरीत वाइन पोलादी टाकीत थंडाव्याने आंबवितात आणि बहुधा वर्षाच्या आतच बाटलीत भरतात. शाब्ली किंवा सांसेर यांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. उत्तम शाब्ली दहा वर्षांनीही बोलकी असते. परंतु ज्याला रात्रीच्या जेवणाबरोबर केवळ ताजेपणा हवा आहे, तो या नावांसाठी मोजतो ते पैसे बहुतांशी कीर्तीचे असतात.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातील विन्यो व्हेर्द. या प्रदेशाची सीमा १९०८ साली कायद्याने आखली गेली. नावाचा शब्दार्थ 'हिरवी वाइन'. तथापि हा हिरवेपणा रंगाचा नसून कोवळेपणाचा आहे. अटलांटिकचा पाऊस, ग्रॅनाइटची जमीन, आणि जुन्या पद्धतीत झाडांवर वा उंच मांडवांवर चढविलेले वेल. आमच्या कुळागरात पोफळीवर मिरवेल चढते, तसेच काहीसे ते दृश्य असे, आणि मांडवाखाली भाजीपाला व मका पिके. सावलीतल्या त्या द्राक्षात साखर बेताची भरे, अम्ल मात्र टिकून राही. आता बहुतेक मळ्यांत वेल तारांवर आले आहेत, तरी मद्यांश अजूनही हलकाच, पुष्कळदा नऊ ते साडेअकरा टक्क्यांच्या दरम्यान.

मात्र येथे समीक्षकाने डोळे मिटू नयेत. जिभेवर जाणवणारी जी बारीक चुरचुर या वाइनची ओळख मानली जाते, ती पूर्वी बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनातून येई. आज स्वस्त प्रकारांत कर्बवायू बहुधा यंत्राने भरतात. त्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मागे ठेवलेल्या साखरेला. बुडबुडे आणि गोडी एकत्र आली की पातळ वाइनही क्षणभर चतुर वाटते. पेला थोडा कोमट होऊ द्यावा. बुडबुडे विरले की सोंग उतरते. लोरेइरो जातीच्या द्राक्षाची प्रामाणिक बाटली या परीक्षेत टिकते, आणि तिचा फुलांचा, काहीसा तमालपत्राकडे झुकणारा वास उलट अधिक खुलतो. मोन्सांव–मेल्गासु भागातील आल्व्हारिन्यो अधिक भरदार, पण तिची किंमतही तशीच.

फ्रान्समधील नांत शहराजवळची मुस्कादे हीदेखील याच कुळातली, किंबहुना अधिक संयमी. हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवल्याने तिला अंग येते. सुगंधाचा ती फारसा दिमाख करीत नाही. माशांबरोबर आम्ही तिलाच पहिला पाट देऊ.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत होती. तरी सामान्य दुकानातून लोकांच्या ओळखीची झाली ती 'पोर्ट' या नावाची गोड तांबडी वाइन. या सवयीमुळेच पांढऱ्या वाइनलाही गोडीची अट घातली जाते, आणि याचा परिणाम नाशिकच्या मळ्यापर्यंत पोहोचतो.

नाशिकचा वेल थंड देशातल्यासारखा निजत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा ओसरल्यावर फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. रात्री गार असतात तेवढ्याच काळात अम्ल राखावयाचे. ऊन चढले की मॅलिक अम्ल झपाट्याने घटते. फार लवकर तोडल्यास सोव्हिन्यो ब्लांला कच्च्या ढोबळ्या मिरचीचा दर्प येतो, उशीर केल्यास ती बोजड होते. तिच्या मानाने शेनिन ब्लां उन्हातही अम्ल धरून ठेवते. म्हणून वाजवी दरात तरतरीतपणा हवा असेल तर नाशिकच्या शेनिनकडे प्रथम पाहावे, असे आमचे मत आहे. दुर्दैव असे की तीच पुष्कळदा गोडसर ठेवली जाते. गिऱ्हाईक गोडच उचलणार असेल, तर गार पहाटे, वजन पुरते भरण्याआधी द्राक्ष तोडण्याची झीज शेतकऱ्याने का सोसावी आणि कारखानदाराने तिचा मोबदला का द्यावा?

लिस्बनमध्ये स्वस्त असलेली बाटली इंदूर वा हैदराबादेत स्वस्त राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. भारतात परदेशी वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के आयातशुल्क होते. शिवाय राज्याराज्यांचे कर निराळे. दोनअडीच पट दाम देऊन घेतलेली साधी विन्यो व्हेर्द ही आमच्या लेखी सौदा ठरत नाही. त्या पैशात नाशिकची चांगली कोरडी शेनिन घ्यावी आणि उरलेल्यात मासळी. लेबलावर 'ड्राय' लिहिलेले आहे ना आणि साल अलीकडचे आहे ना, एवढे पाहावे. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली, मग ती कोणत्याही देशाची असो, घेऊ नये. मागच्या खोलीतली मागावी.