क्वीन : चौघांचा फड, एकाचा आवाज

सराला बेटाच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह ज्याने आमच्या वैजापूर तालुक्यात पाहिला आहे, त्याला हजारोंचा समुदाय एका आवाजामागे कसा चालतो हे वेगळे सांगावे लागत नाही. कीर्तनकार चरण म्हणतो, टाळकरी धृपद उचलतात आणि मंडपाच्या टोकाला बसलेल्या माणसाचाही त्यात वाटा असतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’चे चित्रीकरण पाहताना मला प्रथम हीच आठवण झाली. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी भरलेल्या त्या जलशात ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडच्या वाट्याला सुमारे २१ मिनिटे आली होती. फ्रेडी मर्क्युरी सूर फेकत होता आणि ७० हजारांहून अधिक माणसे तो झेलत होती.

या प्रसंगाचा अर्थ सहसा ‘एका माणसाची जादू’ असा लावला जातो. आपल्याकडे त्याला आणखी एक जोड मिळते : हा माणूस पाचगणीत शिकला, म्हणून तो आपला. हे दोन्ही अर्थ अर्धवट आहेत, असे माझे म्हणणे आहे.

मर्क्युरी म्हणजे फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. कुटुंब पारशी, आडनाव वलसाडच्या ‘बुलसार’ या जुन्या नावावरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच चिकटले. १९५८च्या सुमारास पाच शाळकरी मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानोवर बसे. चरित्रकार हा तपशील सांगून पुढे जातात. मला तो कळीचा वाटतो. पुढे जगाने ज्याला केवळ ‘आवाज’ म्हणून ओळखले, त्याने सुरुवात केली ती दुसऱ्याच्या आवाजाला साथ देण्यापासून.

पाचगणीचे देणे शोधायचे तर ते इथे शोधावे. गाण्यांत राग हुडकण्यात अर्थ नाही. १९७८ सालच्या ‘मुस्तफा’ या गाण्यात अरबी वळणाचे शब्द आहेत, पण त्यांवरून भारतीयत्व सिद्ध होत नाही. आपल्या मुळांविषयी मर्क्युरी फारसा बोलला नाही, हे खरे. झांझिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला निघून आले. त्याच इंग्लंडमध्ये १९६८ साली इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले होते. त्या काळात तरुण झालेल्या मुलाच्या मौनाला ‘लाज’ म्हणण्याची घाई आपण करू नये.

१९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ बँडचा गायक बाहेर पडला, त्या जागी फ्रेडी आला. १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकट पूर्ण झाली. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याची गिटार त्याने वडिलांच्या मदतीने घरी, जुन्या शेकोटीवरच्या फळीच्या लाकडातून घडवलेली. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, तर फ्रेडी ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक कला शिकलेला. बँडचे बोधचिन्हही त्यानेच काढले. सत्तरच्या दशकातल्या आपल्या तबकड्यांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असे हे लोक अभिमानाने छापत.

१९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त ही कारागिरी उघड दिसते. जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्याला ठरीव ध्रुवपद नाही. मधल्या ऑपेरासदृश भागातला प्रचंड गायकवृंद म्हणजे प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच. टेपवर थरावर थर चढवत त्यांनी तो उभा केला. रचना मर्क्युरीची, पण ती ऐकू येते तिघांच्या गळ्यांतून. हे गाणे ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आता पुन्हा वेम्बलीकडे वळू. ज्या गाण्यावर सारे मैदान दोन्ही हात उंचावून टाळ्या देते, ते ‘रेडिओ गा गा’ टेलरचे. दोनदा पाय आपटून एकदा टाळी द्यायला लावणारे ‘वी विल रॉक यू’ मेचे. मर्क्युरीच्या जादूचे म्हणून जे दाखवले जाते, त्यातले बरेचसे इतरांनी रचलेले होते. चौघांपैकी प्रत्येकाच्या नावावर गाजलेली गाणी आहेत. झीलकरीही शाहीर असावेत असा हा फड होता.

याउलट उदाहरण आपल्या रंगभूमीवर आहे. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे गेले, बोडस गेले. मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली आणि कर्जही एकट्याचे झाले. ‘क्वीन’मध्ये भांडणे कमी नव्हती, पण चौघांतला एकही उठून गेला नाही.

मात्र गौरव करताना एक डाग झाकता येणार नाही. १९८४ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना हा बँड सन सिटीत जाऊन गायला. त्यांच्याच संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी त्यांनी वेम्बली जिंकले. दुसऱ्या घटनेने पहिली पुसली जात नाही.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला चौघांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून गाण्यांवर वेगवेगळी नावे न देता चौघांचे श्रेय एकत्र छापले जाऊ लागले. आजाराने खंगत चाललेला मर्क्युरी स्टुडिओत गातच राहिला. आपल्याला एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, ४५व्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आयुष्यभर न बोललेली ओळख अखेरच्या प्रार्थनेत उच्चारली गेली.

त्याने मागे ठेवलेल्या आवाजाभोवती उरलेल्या तिघांनी साथ रचली आणि १९९५ साली ‘मेड इन हेवन’ आला. पाचगणीत फारोख दुसऱ्याच्या आवाजामागे बसला होता. आता तिघे त्याच्या आवाजामागे बसले. मला ‘क्वीन’चा खरा शेवट इथे दिसतो. मे आणि टेलर पुढे नवे गायक घेऊन फिरले, त्या कार्यक्रमांना गर्दीही झाली. पण ते स्मरण आहे, बँड नव्हे. १९९७ नंतर डीकनने संगीतातून अंग काढून घेतले आणि त्यावर फारसे काही बोललाही नाही. चौघांतल्या सर्वांत अबोल माणसाचे हे मौन मला ‘क्वीन’वरचे सर्वांत प्रामाणिक भाष्य वाटते.

सप्ताहाचे कीर्तनकार बदलतात, तरी धृपद चालू राहते. कारण ते गावाचे असते. ‘क्वीन’चे धृपद चौघांनी मिळून घडवले होते. त्यातला एक गेल्यावर लोक ते गात राहिले, फड मात्र मोडला.