न मांडलेला हिशेब : ग्रामीण कथनसाहित्य आणि अल्पभूधारक

मराठी ग्रामीण साहित्याची समीक्षा प्रामुख्याने बोली, प्रादेशिकता आणि बदलते गावगाडे या तीन अंगांनी झालेली आहे. शेती ही या साहित्याची पार्श्वभूमी मानली गेली. पण ती एक व्यवहार आहे, त्यात जमा आणि खर्च असतो आणि त्या व्यवहाराचे विशिष्ट रूप कथनाचे रूपही घडवू वा बिघडवू शकते, हा विचार क्वचितच झाला. त्यामुळे लहान शेतकऱ्याचे दारिद्र्य एकतर दुष्काळाच्या किंवा नियतीच्या खाती जमा होते आणि समीक्षक त्यास कारुण्य म्हणून मोकळा होतो.

या व्यवहाराचे स्वरूप प्रथम लक्षात घ्यावे लागते. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी वहितीक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर मुख्य गुंतवणूक असते ती घरच्या माणसांच्या श्रमाची, आणि या श्रमाला मजुरी दिली जात नाही. रशियन कृषि-अर्थतज्ज्ञ चायानोव्ह याने १९२५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की असे कुटुंब नफ्यासाठी राबत नाही. खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांचा तोल सांभाळण्यासाठी राबते. बाजारभाव कोसळला की कारखानदार उत्पादन थांबवतो. हे कुटुंब मात्र अधिक राबून तूट भरून काढते, आणि म्हणूनच तोट्यातली शेती वर्षानुवर्षे चालू राहते. शासकीय हिशेबातही हाच पेच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पातील दीडपट हमीभावाच्या घोषणेची अंमलबजावणी रोख खर्च आणि कुटुंबाचे श्रम एवढेच धरून झाली. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्याबाहेर राहिले.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात हा व्यवहार उघडपणे मांडलेला दिसतो. तेथे शेतसारा, लोकल फंड, सावकार, कचेरीतील कारकून यांची एकेक बाब पुढे येते. कलेक्टरच्या तंबूकडून निराश होऊन परतणारा कुणबी झाडाखाली बसून स्वतःशीच बोलू लागतो, हा प्रसंग कथनतंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्याचे ऐकून घेणारे कोणी नाही, त्याचा हिशेब स्वगताचेच रूप घेतो. निबंध आणि आख्यान यांची येथील सरमिसळ हा रचनेचा दोष मानण्याचे कारण नाही. विषयाची ती गरज आहे.

पुढील ग्रामीण कथनात हा सांधा निखळलेला आढळतो. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्ये नारबाच्या निवेदनातून माणूस, जनावर आणि माती यांचे एकत्व विलक्षण सामर्थ्याने साकारते. ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा उधळला जातो. तथापि नारबा सालगडी आहे. मालकाला ट्रॅक्टर का परवडतो वा बैल का परवडत नाहीत, हे त्याच्या जाणिवेच्या कक्षेबाहेरचे आहे. निवेदकाच्या या निवडीमुळे भावविश्वास खोली लाभते, परंतु परिवर्तनाचे कारण कादंबरीत अदृश्यच राहते आणि यंत्र संकटासारखे बाहेरून कोसळते.

भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत कारण डोळ्यांसमोर येते. टोमॅटो हा नाशवंत माल. तो परत नेणे व्यर्थ आणि थांबून भावाची वाट पाहणे अशक्य. विकणाऱ्याची ही लाचारी गिऱ्हाइकाला ठाऊक असते, आणि घासाघीस तिच्यावरच चालते. अखेर बाप स्वतःच्याच मालावर नाचून त्याचा चिखल करतो. हा संताप स्वतःच्या मालावरच उतरतो, कारण भाव ठरवणारी सत्ता त्या बाजारात देहधारी रूपात हजर नसते. लेखकाने भाष्य टाळून मुलाच्या नजरेतून प्रसंग उभा केल्याने कथेत अर्थकारण आणि अनुभव वेगळे काढता येत नाहीत.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मध्ये हा विषय कादंबरीच्या विस्तारास पोहोचतो. एकनाथ उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी मागितली जाणारी रक्कम घराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि शेती सोडता येत नाही तशी ती करताही येत नाही. शिक्षणामुळे त्याला हिशेब कळतो, मात्र त्यातून सुटका होत नाही. कादंबरीतील चर्चा काही ठिकाणी लांबतात, हा आक्षेप खरा आहे; परंतु त्या लांबणीमागे असूडाच्या परंपरेतील निकड आहे, हे विसरता कामा नये.

तरीही एक रकाना या परंपरेत बव्हंशी रिकामाच राहिला आहे. कुटुंबाचे श्रम म्हणताना निंदणी, वेचणी, जनावरांचे शेण-पाणी आणि चूल यांत जाणारा बाईचा दिवस त्यात अग्रभागी असावयास हवा. कथनात मात्र ती सोशिक आई होते वा घर सोडणारी सून. तिचा सोशिकपणा वर्णिला जातो. त्याच्या बळावर तोट्यातली शेती तगून राहते, हे सांगितले जात नाही.

कादंबरी म्हणजे खतावणी नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य करूनही असे म्हणावे लागते, की मातीची ओढ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यात न मोजलेल्या श्रमाचा वाटा मोठा आहे. तो न ओळखणारी समीक्षा साहित्यकृतीतील शोकाला नियतीचे नाव देते आणि त्या शोकाची कारणे शोधण्याच्या जबाबदारीतून स्वतःला सोडवून घेते.