प्रार्थनामंदिरातली बाग

ज्या वास्तूत पिढ्यान् पिढ्या प्रार्थना झाली, तिथे येणारी माणसेच उरली नाहीत तर त्या वास्तूचे काय करावे? पाडून टाकावी, कुलूप लावून ढासळू द्यावी, की तिला दुसरे काम द्यावे? लंडनमध्ये, थेम्सकाठी, आर्चबिशपच्या लँबेथ येथील वाड्याला खेटून उभ्या असलेल्या सेंट मेरी चर्चची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

हे वस्तीचे चर्च. आसपासच्या लोकांची बारशी, लग्ने आणि अखेरची मूठमातीही इथेच व्हायची. मनोरा चौदाव्या शतकातला; बाकी बांधणी बहुतांशी १८५१-५२ची. १९७२ साली इथली उपासना थांबली आणि इमारत पाडायचे घाटू लागले. ती वाचली एका थडग्यामुळे. देशोदेशींची रोपे इंग्लंडात आणणारे ट्रेडस्कँट नावाचे बापलेक सतराव्या शतकात होऊन गेले. धंद्याने माळी, विसावले याच आवारात. १९७६ मध्ये रोझमेरी निकल्सन ही बागवेडी बाई त्यांचे थडगे शोधीत आली. वास्तूची दैना तिला पाहवेना. पुढच्याच वर्षी नवऱ्याच्या साथीने तिने तिथे बागांच्या इतिहासाचे संग्रहालय मांडले. ट्रेडस्कँटांच्या शेजारीच कॅप्टन ब्लाय निजला आहे. ताहितीहून नीरफणसाची रोपे नेताना, १७८९ साली, ज्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले, तोच हा!

तेव्हा नवा उपयोग इथे बाहेरून आणून चिकटवलेला नाही. तो त्याच मातीतून उगवला आहे. या रूपांतराचे खरे यश यातच आहे. आतली लाकडी दालनेही २००८ साली अशा बेताने उभारली, की त्यांचा भार जुन्या भिंतींवर पडू नये. पाहुण्याने यजमानाच्या घरी वागावे तसे हे वागणे. पुढे २०१७ साली पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत फरशीखाली तळघर सापडले आणि त्यात शिशाच्या तीसेक शवपेट्या. त्यांत आर्चबिशपांच्याही होत्या. त्या जागच्या जागी राहू दिल्या, हेही त्याच रीतीला धरून झाले.

परंतु याच दुरुस्तीत १९८०च्या दशकात, सतराव्या शतकाच्या धर्तीवर, हौसेने लावलेली आवारातली बाग गेली आणि तिथे नवी आली. नवी बाग सुंदर आहे, हे खरे. तरी बागांचा इतिहास जपणाऱ्यांनी स्वतःच्या अंगणातला इतिहास उपटावा, हे मनाला लागते. आणखी एक गोष्ट खटकते. वस्तीच्या चर्चचा उंबरठा ओलांडायला गरिबालाही पैसा पडत नसे; संग्रहालय पाहायला तिकीट काढावे लागते. छपराची डागडुजी फुकट होत नाही, हे कबूल. पण वास्तू वाचवताना तिचा मोकळा दरवाजाही काही अंशी वाचवता आला असता, तर वारसा पुरा सांभाळला असे म्हणता आले असते.