‘एलियाहू’ ते ‘एलीया’ : एका हिब्रू नामाचे मराठी रूप

प्रस्तुत टिपणात ‘एलियाहू’ या हिब्रू व्यक्तिनामाचा अर्थ, शास्त्रग्रंथातील त्याचे कार्य व मराठी अनुवादातील त्याची अवस्था यांचा विचार केला आहे. ‘एली’ म्हणजे ‘माझा देव’. ‘याहू’ हे इस्राएलाच्या देवाच्या चतुराक्षरी नामाचे संक्षिप्त रूप. ‘माझा देव याहू आहे’ असे हे नाव नसून पूर्ण विधानच होय.

‘राजे’ ग्रंथाच्या पहिल्या भागातील अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांशी एलियाहूचा सामना होतो. अग्नी उतरल्यावर लोक जी कबुली दोनदा देतात, ती संदेष्ट्याच्या नावाचाच विस्तार आहे. ग्रंथकर्ता नावाचा अर्थ कोठेही सांगत नाही. कथाच तो सांगते. बआलाचे मंदिर बांधणाऱ्या अहाबाच्या पुत्रांची नावेही, अहज्याहू आणि यहोराम, याच देवनामावरून घडलेली आहेत, हा उपरोधही लक्षणीय आहे.

प्रचलित मराठी बायबलात देवनामाच्या जागी ‘परमेश्वर’ व संदेष्ट्यासाठी ‘एलीया’ अशी योजना आहे. दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय ठरतात. देवनामाऐवजी ‘अदोनाय’ म्हणण्याची यहुदी परंपरा जुनी आहे. ‘एलिया’ हे आखूड रूप मूळ हिब्रूतही, ‘राजे’च्या दुसऱ्या भागाच्या आरंभी आणि मलाखीच्या अखेरीस, आढळते. मात्र दोन्ही निर्णय एकत्र आले की नाव व कबुली यांतील दुवा तुटतो. मराठी वाचकाला कर्मेलची कथा कळते, पण तिचा नायक स्वतःच तिचे उत्तर आहे हे कळत नाही.

त्याहून बिकट प्रश्न ‘-या’चा आहे. ओबद्या, सफन्या, जखऱ्या या रूपांत ‘याहू’ वा ‘याह’चे जे उरले, ते मराठी कानाला गण्या, बंड्या यांच्या जातीचे वाटते. ‘याहूचा सेवक’ हा ओबद्याचा अर्थ तेथे कोणास स्मरणार? पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तेथे ‘-जी’ आणि ‘-या’ यांतील अंतर कोणाला समजावून द्यावे लागत नाही. माणसाला कोणत्या रूपाने हाक मारावी, हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची स्मृती बाळगणाऱ्या महाडात तर तो क्षुल्लक मानता येणार नाही.

याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बेने इस्राएल समाजाने वेगळी वाट काढली. व्यवहारात सामुएलाचा समाजी झाला, एलियाहूचा एलोजी. ‘-जी’ने मान राखला. मलिद्याच्या विधीत, भिजवलेले पोहे, खोबरे व फळे मांडून, ‘एलियाहू हन्नाबी’ असे संपूर्ण नाव घेतले जाते. अलिबागजवळील खंडाळे येथे या संदेष्ट्याचा रथ येऊन गेल्याची त्यांची श्रद्धा आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तरी मलिदा तेथेही चालू राहिला.

रूढ झालेले ‘एलीया’ आता बदलणे व्यवहार्य नाही. तथापि पुढील आवृत्तीत पहिल्या उल्लेखाला तळटीप जोडून मूळ रूप व अर्थ देणे, आणि कर्मेलच्या प्रसंगी तिचा पुन्हा निर्देश करणे, एवढे अनुवादकांना सहज शक्य आहे.