बाजारभाव आणि भूक

फ्रीडरिक हायेक यांचा ‘द रोड टू सर्फडम’ हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. सर्व आर्थिक व्यवहार एका केंद्राच्या हाती गेले की नागरिकाचे स्वातंत्र्यही त्याच हाती जाते, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस आजही वजनदार वाटते. १९४५ च्या एका निबंधात त्यांनी बाजारभावाचे मर्म उलगडले आहे: कथील दुर्मिळ झाले की कारण ठाऊक नसतानाही जो तो ते जपून वापरू लागतो, चढलेला भाव त्याला पुरेसा निरोप देतो. हे विवेचन मोठे सुबोध आहे.

परंतु भाव बोलतो तो ज्याच्या गाठीस पैसा आहे त्याच्याच वतीने. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, ती मुख्यतः तांदूळ त्यांच्या मजुरीच्या आवाक्याबाहेर गेला म्हणून, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले. अन्न, वस्त्र व निवारा यांची किमान हमी सर्वांस असावी, हे हायेक स्वतः त्याच ग्रंथात मान्य करतात. त्यांचा जयघोष करणारे पुष्कळजण नेमके एवढेच विसरतात. हायेक यांनी तो भाग अधिक विस्ताराने लिहावयास हवा होता, ही आमची तक्रार. वाचकांनी मात्र ग्रंथ मुळातूनच, आणि संपूर्ण, वाचावा.