समाजकार्य-अहवालाची भाषा : एक चिकित्सा

न्यायासनापुढे येणाऱ्या लेखनाकडे भाषेचा अभ्यासक सहसा वळत नाही. ते लेखन वकिलांचे आणि त्याची चिकित्साही वकिलांनीच करावी, असा समज रूढ आहे. परंतु ज्या लेखनातील एखाद्या शब्दावर कुटुंबाचे एकत्र राहणे अवलंबून असते, ते भाषाविचाराच्या कक्षेबाहेर ठेवणे युक्त नव्हे. ब्रिटनमधील आप्रवासन न्यायाधिकरणापुढे सादर होणारा स्वतंत्र समाजकार्यकर्त्याचा मूल्यमापन-अहवाल हा अशा लेखनाचा विचारार्ह नमुना होय.

या अहवालाची गरज कोठून उत्पन्न झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. युरोपीय मानवी हक्क कराराचे आठवे कलम कौटुंबिक जीवनाच्या आदराची हमी देते. २००९ च्या कायद्यातील ५५ व्या कलमाने, आप्रवासनविषयक निर्णय घेताना ब्रिटनमधील मुलांच्या हिताचे रक्षण व संवर्धन ध्यानात घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. २०११ मध्ये झेडएच (टांझानिया) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या हिताला प्राथमिक महत्त्व दिले. मूल आपले मत मांडू इच्छीत असेल तर ते थेट ऐकण्याचा विचार करण्याची अधिकाऱ्यांची तयारी असावी, असेही लेडी हेल यांनी तेथे नमूद केले. तथापि लहान मुलाला साक्षीसाठी उभे करणे कोणालाच इष्ट वाटत नाही. म्हणून समाजकार्यकर्ता घरी जातो, मुलाशी व पालकांशी बोलतो आणि जे दिसले व ऐकले ते लिहून देतो. मुलाचे बोलणे न्यायाधीशापर्यंत पोहोचते ते बहुधा या कागदावरून.

येथे पहिली अडचण कायद्याच्या शब्दाची आहे. २०१४ च्या कायद्याने घातलेल्या तरतुदींनुसार, बारा महिने वा अधिक, परंतु चार वर्षांहून कमी शिक्षा झालेल्या पालकाच्या हद्दपारीचा मुलावरील परिणाम ‘अवाजवी कठोर’ ठरला, तर हद्दपारी टळू शकते. ‘अवाजवी’ म्हटले की काही कठोरपणा वाजवी आहे, हे गृहीत धरले जाते. २०१८ मध्ये केओ (नायजेरिया) या निर्णयात न्यायालयाने हेच गृहीतक उलगडून दाखविले आणि पालक हद्दपार होताना कोणत्याही मुलाच्या वाट्याला अपरिहार्यपणे येणाऱ्या दुःखापलीकडील काही अपेक्षिले. त्यातून सर्वसामान्य अशा कल्पित मुलाशी तुलना सुरू झाली. २०२२ च्या एचए (इराक) निर्णयाने ती तुलना नाकारली. मापदंड उंचच राहिला; परंतु विचार प्रत्यक्ष समोरच्या मुलाचाच व्हावा, असे ठरले.

अहवाललेखनाचा मुख्य दोष या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. लेखक कायद्याचा शब्दच उचलून निष्कर्षात ठेवतो. ‘परिणाम अवाजवी कठोर होईल’ असे लिहिताच अहवाल साक्ष न राहता युक्तिवाद बनतो, कारण ते ठरविणे न्यायाधीशाचे काम आहे. शिवाय हा अहवाल बहुधा कुटुंबाच्या वकिलाने मागविलेला असतो. एप्रिल २०१३ पासून अशा कौटुंबिक दाव्यांना शासकीय विधिसाहाय्य केवळ अपवाद म्हणून मिळते. त्यामुळे खर्चाचा भार पुष्कळदा कुटुंबावरच पडतो. तज्ज्ञाचे कर्तव्य न्यायाधिकरणाप्रती असून पैसे देणाऱ्याप्रती असलेल्या बांधिलकीहून ते श्रेष्ठ होय, असा दंडक आहे. वकिली शब्द वापरणारा अहवाल या दंडकाविषयी विनाकारण शंका निर्माण करतो आणि त्या शंकेची किंमत मुलाला द्यावी लागते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. स्वतःच्या माहितीतील गोष्टी कोणत्या, हे तज्ज्ञाने स्पष्ट करावे अशी अपेक्षा असते. मराठीत ‘तो रात्री झोपत नाही’ आणि ‘तो रात्री झोपत नाही म्हणे’ यांतील भेद एका शब्दाने साधतो; ऐकीव माहितीची जबाबदारी वक्ता त्या ‘म्हणे’ने दूर ठेवतो. इंग्रजीत असा हाताशी असलेला निपात नाही. तेथे प्रत्येक वेळी ‘आईने सांगितले’ अशा अर्थाचे वाक्य घालावे लागते, आणि लेखनाच्या ओघात ते गळते. मग पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले एकाच निश्चयी स्वरात उभे राहते. उलटतपासणीत एक विधान ऐकीव ठरले की शेजारच्या प्रत्यक्ष पाहिलेल्या विधानावरचाही विश्वास डळमळतो.

दोन कल्पित वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘मुलाचा वडिलांशी दृढ भावनिक बंध आहे’ हे पहिले. ‘शुक्रवारी वडील येईपर्यंत मुलगा जिन्यात बसून राहतो, असे आईने सांगितले, भेटीच्या दिवशीही तो तेथेच बसलेला दिसला’ हे दुसरे. पहिले कोणत्याही मुलाविषयी लिहिता येईल. दुसरे एकाच मुलाचे आहे. त्यात ऐकलेले कोणते व पाहिलेले कोणते हेही उघड आहे. एचए (इराक) निर्णयानंतर न्यायाधीशाला ज्या मुलाचा विचार करावयाचा आहे, ते मूल दुसऱ्या वाक्यात भेटते.

यावर असा आक्षेप येईल की समाजकार्यकर्ता हा केवळ टिपणकार नव्हे. अनुमान हेच त्याचे शास्त्र. आक्षेप रास्त आहे. आसक्तीचे सिद्धान्त, वियोगाचे परिणाम यांविषयी त्याने मत दिलेच पाहिजे, अन्यथा तज्ज्ञाचे प्रयोजन उरत नाही. परंतु मत कोणत्या निरीक्षणावर उभे आहे, हे वाचकाला मागे जाऊन पाहता आले पाहिजे. दुभाष्यामार्फत संभाषण झाले असल्यास तेही नोंदवावे, कारण तेथे मुलाच्या वा पालकाच्या शब्दांवर आणखी एका व्यक्तीची निवड चढलेली असते. आणि मुलाने आई-वडिलांच्या दाव्यास प्रतिकूल काही म्हटले असेल, तर तेही गाळता कामा नये. ते गाळले तर अहवालात पालकांचीच बाजू मुलाच्या नावाने पुन्हा सांगितली जाते, आणि मुलाचे म्हणणे न्यायाधीशाला अखेरपर्यंत कळत नाही.